सोंगटीला लिंग नसतं, मग खेळात ते येतं कुठून?

बुद्धिबळाच्या पटावर राजाशेजारी जे मोहरं उभं असतं त्याला आपण वजीर म्हणतो. युरोपात तेच मोहरं राणी आहे. भारतातून इराण, अरबस्तान असा प्रवास करत हा खेळ तिकडे पोचला तेव्हा ते राजाचं मंत्रीच होतं. साधारण हजार वर्षांपूर्वी तिकडच्या लोकांनी त्याची राणी केली. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्या राणीला आजची लांबच लांब चाल मिळाली आणि ती चाल फिरून आपल्या वजिराकडेही आली. जळगावच्या क्लासात शिकणारी पोर आणि स्पेनमधला मुलगा आज एकच मोहरं एकाच नियमानं हलवतात. तिच्या डोक्यात पुरुष असतो, त्याच्या डोक्यात बाई असते. डावावर मात्र काडीचा फरक पडत नाही.

लहान मुलांसाठी ‘जेंडर-न्यूट्रल’, म्हणजे मुलगा-मुलगी असा भेद न करणारे, खेळ करायचे म्हणजे काय करायचं, हा प्रश्न हल्ली शिक्षक, पालक आणि मोबाइलवर खेळ बनवणारी तरुण मंडळी बऱ्याचदा विचारतात. उत्तराची सुरुवात या वजिरापासून करावी असं मला वाटतं. नियमांना लिंग नसतं. ते चिकटतं चित्रातून, नावातून, डब्यावरच्या मजकुरातून, खेळ बोलतो त्या वाक्यांतून आणि खेळायला कोणाला हाक मारली जाते त्यातून. म्हणजे खेळ करणाऱ्याच्या हातात बरंच काही असतं.

आपल्या खान्देशातच बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकीबाळी झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि त्याच गावात दुसऱ्या झाडाखाली पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगलेला असतो. भुलाबाईचा गाण्यांचा सण मुलींचा. विटीदांडू, भोवरा, गोट्या मुलांच्या. सागरगोटे पुन्हा मुलींचे. झोक्याच्या दोराला किंवा इस्पिकच्या एक्क्याला यातलं काही ठाऊक नसतं. वाटणी माणसांनी केलेली असते, आणि शाळेत जायच्या आधीच ती मुलांना पाठ झालेली असते.

मुलांना हे कळतं कधी

अडीच-तीन वर्षांचं मूल ‘मी मुलगा’ किंवा ‘मी मुलगी’ असं सांगू लागतं. तिथून पुढची दोन-तीन वर्षं ते नियम गोळा करत बसतं: काका मिशी ठेवतात, आजी नऊवारी नेसते, ट्रक पोरांचा, बाहुली पोरींची. पाच-सहा वर्षांच्या आसपास हे नियम सगळ्यांत कडक होतात. या वयाचं मूल मोठ्या माणसांपेक्षा कर्मठ असतं, आणि त्यात घरच्यांची चूक असतेच असं नाही. जग समजून घेण्याची त्याची ती रीतच असते. सात-आठनंतर नियम हळूहळू सैल होऊ लागतात, अर्थात भोवतालच्या माणसांनी ते आवळून धरले नाहीत तर.

कॅरोल मार्टिन आणि चार्ल्स हॅल्वरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हे सगळं एका सिद्धांतात मांडलं. थोडक्यात असं: मूल मनात दोन कप्पे करतं, ‘आपलं’ आणि ‘त्यांचं’. नवी वस्तू दिसली की आधी ती कोणत्या कप्प्यात जाते ते बघतं, आणि ‘त्यांच्या’ कप्प्यात गेली की तिच्याकडे लक्ष देणंच सोडून देतं.

लक्ष देणं सोडून देतं, हे गंभीर आहे. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुलांना कधी न पाहिलेल्या वस्तू खोक्यांत घालून दिल्या. एका खोक्यावर मुलग्यांसाठी, दुसऱ्यावर मुलींसाठी आणि तिसऱ्यावर दोघांसाठी असं सांगितलेलं. वस्तूंमध्ये मुलांचं किंवा मुलींचं असं काहीच नव्हतं. तरी मुलग्यांनी आणि मुलींनी ‘आपापल्या’ खोक्यातल्या वस्तू जास्त हाताळल्या आणि आठवड्यानं विचारलं तेव्हा त्यांचेच बारकावे जास्त सांगितले. म्हणजे डब्यावरच्या दोन शब्दांनी मूल काय शिकणार हे ठरवलं.

दुसरा प्रयोग २०१७ चा, ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. पाच वर्षांच्या मुलींना ‘खूप खूप हुशार’ माणूस कोण असेल असं विचारलं तर त्या आपल्यासारखीचंच नाव घेत होत्या, मुलगे मुलग्यांचं घेत होते, तसंच. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घसरलेलं दिसलं. मग त्याच संशोधकांनी दोन खेळ पुढे ठेवले. एक ‘फार हुशार मुला-मुलींचा’ म्हणून, दुसरा ‘फार मेहनत करणाऱ्या मुला-मुलींचा’ म्हणून. पहिल्या खेळात सहा-सात वर्षांच्या मुलींचा रस मुलग्यांपेक्षा कमी होता. दुसऱ्यात फरक नव्हता. आपल्याकडे गणिताच्या खेळांच्या डब्यावर ‘बुद्धिमान बालकांसाठी’ छापायची फार हौस असते. छापणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्या एका ओळीनं निम्मी गिऱ्हाइकं दाराबाहेर राहू शकतात.

चेहरा पुसला की झालं?

पहिला सोपा वाटणारा उपाय असा की पात्राला मुलगा-मुलगी काहीच ठेवू नका. अस्वल ठेवा, रोबो ठेवा, बटाटा ठेवा. हा उपाय वाटतो तेवढा चालत नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेत आयांना चित्रांची पुस्तकं देऊन मुलांना गोष्ट सांगायला बसवलं. पुस्तकातल्या प्राण्यांवरून ते नर की मादी हे कळत नव्हतं. आयांनी जवळपास ९५ टक्के वेळा त्यांचा उल्लेख नर म्हणूनच केला. याला अपवाद एकच ठळक: मोठा प्राणी पिल्लाची काळजी घेताना दाखवला की त्याची ‘ती’ व्हायची. म्हणजे पाटी कोरी ठेवली तर वाचणारा तिच्यावर सवयीचंच लिहितो. आपल्या मराठीत तर प्राण्यांची वाटणी व्याकरणानंच करून ठेवलेली आहे. वाघ, ससा, कोल्हा, उंदीर, कावळा सगळे तो. मुंगी, चिमणी, मैना, शेळी सगळ्या ती. चिऊ-काऊची गोष्ट आठवा. काऊ बाहेर पावसात भिजतोय आणि चिऊ घरात बाळाला न्हाऊ-माखू घालतेय, तीट लावतेय. त्यातली गंमत अशी की पक्कं, मेणाचं घर बांधणारी चिऊच आहे. पण ती बांधताना गोष्टीत कुठेच दिसत नाही, बाळ न्हाणतानाच दिसते.

चेहरा पुसण्याची उलटी बाजूही आहे. १९८० चा पॅक-मॅन हा जपानी खेळ करणारे तोरू इवातानी यांना बायका-मुलींनाही आवडेल असा खेळ हवा होता. म्हणून मारामारी टाळून खाण्याभोवती त्यांनी तो बेतला. पिवळी चकती, एक तोंड, बाकी काही नाही. तरी नावात ‘मॅन’ आलंच. दोन वर्षांनी अमेरिकेत त्याची बाई आली ती डोक्यावर रिबीन, ओठांवर लिपस्टिक आणि गालावर तीळ घेऊन. साधी चकती म्हणजे पुरुष, आणि नटलेली चकती म्हणजे बाई. आजही मोबाइलवरचे खेळ उघडून पाहा. सशाला पापण्या लावल्या की सशीण, रोबोला गुलाबी फुल लावलं की रोबोची बहीण. स्त्री म्हणजे मूळ पात्रावर चढवलेला साज, हा संदेश चित्रकाराच्या ध्यानीमनी नसताना पोचतो.

त्यातून पुढे पैशाचाही हिशेब निघतो. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका बारा वर्षांच्या मुलीनं, पळत राहायच्या धाटणीचे मोबाइल खेळ एकेक करून तपासले आणि त्याबद्दल ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिलं. पात्र मुलगा की मुलगी हे ज्यांत ओळखू येतं अशा पन्नास खेळांपैकी ९८ टक्क्यांत मुलगा होता, ४६ टक्क्यांत मुलगी. फुकट मिळणारा मुलगा ९० टक्के खेळांत, फुकट मिळणारी मुलगी फक्त १५ टक्क्यांत. बाकी ठिकाणी मुलगी हवी तर नाणी जमवा किंवा पैसे मोजा. तिचा लेख आल्यावर काही कंपन्यांनी आपापले खेळ बदलले. हे मोजायला तिला कोणती प्रयोगशाळा लागली नव्हती. आपल्याकडेही आठवीतली कोणीही मुलं सुट्टीत करू शकतील असं काम आहे.

माझं मत सांगतो. सगळी पात्रं बिनओळखीची करण्यापेक्षा पात्रांचा घोळका मिश्र ठेवावा. काही उघडपणे मुली, काही उघडपणे मुलगे, एखाद-दोन अशी की बघणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं. मात्र कामं, चुका, विनोद, शूरपणा आणि रडणं यांची वाटणी त्यांच्या लिंगावरून करू नये. टोळीत मुलगी एकटीच असेल तर तिच्यावर ‘मुलगी’ असण्याचंच काम येऊन पडतं. एक खादाड, एक भित्रा, एक हुशार, एक खोडकर आणि पाचवी मुलगी. दोन मुली टाकल्या की त्यातली एक आळशी असू शकते. मुलीला आळशी असायची मुभा मिळणं हीदेखील बरोबरीच आहे.

खरी मेख मराठी क्रियापदाची

इंग्रजीतले या विषयावरचे सल्ले वाचून खेळ करायला बसलं की मराठीत पहिल्याच पाटीवर गाडं अडतं. ‘तू जिंकलास!’ असं स्क्रीनवर आलं आणि समोर मुलगी बसली असेल तर खेळानं तिला सांगून टाकलं की हे तुझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं. इंग्रजीत हा प्रश्नच उभा राहत नाही. आपल्याकडचे बरेच खेळ भाषांतरित होऊन येतात आणि भाषांतर करणारा डोळे झाकून पुल्लिंगी रूप वापरतो. ‘तू जिंकलास/जिंकलीस’ असं तिरकी रेघ मारून लिहिणं प्रामाणिक असलं तरी नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला ते अडखळवतं.

सुदैवानं मराठीकडेच यावरची औषधं आहेत, ती फक्त शोधून वापरावी लागतात.

सकर्मक क्रियापदाचं भूतकाळी रूप कर्माप्रमाणे बदलतं, कर्त्याप्रमाणे नाही. ‘तू कोडं सोडवलंस’, ‘तू नदी ओलांडलीस’, ‘तू चोर पकडलास’ ही वाक्यं मुलाला आणि मुलीला जशीच्या तशी लागू पडतात. ‘ओलांडलीस’मधलं स्त्रीलिंग नदीचं आहे. तेव्हा ‘पोचलास’, ‘पळालास’, ‘हरलास’ असं लिहायचा मोह झाला की वाक्यात एखादी वस्तू आणून ती मिळवायला, उचलायला, मोजायला लावायची. मात्र जपून. विसरणे, शिकणे, चढणे ही क्रियापदं वस्तू समोर असली तरी कर्त्याच्याच मागे जातात. ‘धडा शिकलास’ आणि ‘धडा शिकलीस’ वेगळंच राहतं.

दुसरं, ‘तुला’ची वाक्यं. ‘तुला पाच केळी मिळाली’, ‘तुला जमलं!’, ‘तुला आणखी एक फासा टाकता येईल’. तिसरं, आज्ञा: ‘फासा टाक’, ‘दोन घरं मागे जा’. चौथं, भविष्यकाळ: ‘तू पुढे जाशील’. ‘आपण’ तर सगळ्यांत गोड. ‘आपण पोचलो!’ यात खेळणारं मूल आणि खेळातलं पात्र दोघंही आले, आणि कोण मुलगा कोण मुलगी हे विचारलंच गेलं नाही. ‘तुम्ही जिंकलात’ हेही चालतं, पण सहा वर्षांच्या मुलाला ‘तुम्ही’ म्हटलं की खेळ एकदम बँकेतल्या मशिनसारखा बोलू लागतो. मी ते टाळतो.

अहिराणीत तर आणखी सोय आहे. रोजच्या वर्तमानकाळात ‘तो जास, ती जास’, ‘तू काय करस?’ असं एकच रूप चालतं. मराठीतला ‘जातो-जाते’ हा भेद तिथे नाही. भूतकाळात मात्र ‘तो वना, ती वनी’ असा तो परत येतो. धुळे-नंदुरबारकडच्या लहान मुलांसाठी बोलका खेळ करायचा असेल तर पात्रांची धावती वर्णनं वर्तमानकाळात ठेवली की निम्मं काम होऊन जातं. वर मुलांना आपल्या घरची बोली खेळात ऐकायला मिळते, तो आनंद वेगळाच.

पात्राचा उल्लेख करायला नपुंसकलिंगी शब्द आहेत: लेकरू, पोरगं, पिल्लू, मूल. ‘लेकरू झाडावर चढलं’ हे वाक्य तान्ह्यापासून पाच-सहा वर्षांपर्यंत गोड लागतं. दहा वर्षांच्या नायकाला ‘लेकरू’ म्हटलं की खेळणारे हसतात. तिथे नावच उपयोगी पडतं. किरण, शीतल, सोनू, गुलाब ही नावं आपल्याकडे दोघांचीही असतात. पदांची नावंही बरीचशी तयार आहेत. सरपंच, डॉक्टर, कंडक्टर, तलाठी हे शब्द बदलावे लागत नाहीत. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्यामुळे खेळातल्या पत्त्यावर सरपंच म्हणून बाईचं चित्र काढणं हे साधं वास्तव आहे, त्यात क्रांती वगैरे काही नाही. आणि २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्या वेळी ‘राष्ट्रपती’ शब्द बाईला चालेल का यावर देशभर काथ्याकूट झाला, तेव्हा जळगाव जिल्ह्यातल्या माणसांना तो प्रश्न फारसा पडला नसावा. ताई त्यांना आमदार म्हणून १९६२ पासून ठाऊक होत्या.

हाक कोणाला मारायची, हा प्रश्न तर आपल्या भागात फार जुना आहे. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. त्यांच्या ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त भुंगे, माकडं, मोर आणि साप यांची गणिती कोडी आहेत, आणि कोडं घालताना कधी ‘बाले’ अशी हाक आहे, कधी ‘सखे’ म्हणजे ‘मित्रा’ अशी. हाक बदलली म्हणून कोडं सोपं झालेलं नाही.

केळीचा ट्रक: एक खेळ बेतून पाहू

समजा सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पटावरचा खेळ करायचाय. विषय घेऊ रावेर-यावलकडच्या केळीचा. बागेतून घड कापायचे, मोजायचे, डाग न लागता ट्रकमध्ये भरायचे आणि सावद्याला रेल्वेची गाडी सुटायच्या आत पोचवायचे. वाटेत पाऊस, पंक्चर, रेल्वे फाटक.

पहिला निर्णय: खेळ एकमेकांविरुद्ध की सगळ्यांनी मिळून? ‘मुलींना स्पर्धा आवडत नाही’ असं ऐकून खेळ सहकाराचा करू नका. स्पर्धा आवडणाऱ्या मुली भरपूर असतात, आणि हरायला घाबरणारे मुलगेही तितकेच. इथे सहकार यासाठी घ्यायचा की केळी भरणं हे खरोखरच टोळीनं करायचं काम आहे.

दुसरा निर्णय भूमिकांचा, आणि या खेळाचा जीव त्यातच आहे. कापणारं, मोजणारं, पानं अंथरून माल नीट लावणारं, ट्रक चालवणारं, भाव ठरवणारं अशा पाच भूमिका. पात्राला भूमिका कायमची चिकटवली की मुलं लगेच वाटून घेतात: ट्रक पोरांकडे, मोजणी आणि पानं पोरींकडे. मग चित्रात कितीही काळजी घेतली तरी उपयोग नाही. म्हणून भूमिकांची वेगळी पत्ती करायची आणि दर फेरीला ती पिसून वाटायची. या फेरीत शीतल ट्रक चालवेल, पुढच्या फेरीत पानं लावेल. नियमच भेद मोडतो, शिक्षकांना मधे पडून भाषण द्यावं लागत नाही. शिवाय प्रत्येक भूमिकेत डाव फिरवण्याची ताकद असली पाहिजे. पानं नीट लावली नाहीत तर अर्धा माल काळा पडेल, असा नियम ठेवला की ते काम कोणी कमी समजत नाही. खेळात घरकाम किंवा सांभाळण्याचं काम घेतलं आणि त्याला गुण ठेवले नाहीत, तर मुलांनी त्यातून घ्यायचा तोच बोध घेतला म्हणून समजा.

पात्रांची चित्रं. दहा वर्षांच्या आतल्या मुला-मुलींच्या अंगाठेवणीत कपडे-केस सोडले तर चित्रात दाखवण्यासारखा फरक नसतो. केसांचंही काय घेऊन बसलात, नवसाचं जाऊळ असलेले मुलगे आपल्याकडे वेण्या घालून हिंडतात. तेव्हा फरक पापण्या लांब करून, ओठ रंगवून किंवा कंबर बारीक करून दाखवायचा नाही. आधी हालचाल ठरवा. कोण पाय फाकवून उभं आहे, कोण धापा टाकतंय, कोणाचा गुडघा फुटलाय. नंतर कपडे: मळके हात, डोक्याला रुमाल, बाह्या वर खोचलेल्या. केळीच्या चिकाचे डाग तर हवेतच, ते निघत नाहीत आणि मुलगा-मुलगी बघत नाहीत.

रंगाबद्दल फार डोकं शिणवू नये. १९१८ च्या एका अमेरिकी व्यापारी मासिकानं मुलग्यांना गुलाबी आणि मुलींना निळा असा सल्ला दिला होता. आपल्याकडे लग्नात गुलाबी फेटे बांधून पुरुषच मिरवतात. गुलाबी टाळणं म्हणजे न्यूट्रल, असं धरलं तर पुन्हा गुलाबी हा मुलींचाच रंग ठरतो. पट हिरवा-पिवळा करा, कारण केळी तशी असते.

पोरांचा अडसर

या विषयावर बोलताना बहुतेक वेळ मुलींना ट्रक कसा द्यायचा यावर जातो. मुलग्यांना भातुकली कशी द्यायची हे जास्त अवघड आहे. लेगो कंपनीनं २०२१ मध्ये सात देशांत करून घेतलेल्या पाहणीत (भारत त्यात नव्हता) ७१ टक्के मुलग्यांना मुलींचं समजलं जाणारं खेळणं खेळलो तर लोक हसतील अशी भीती होती. उलट बाजूनं अशी भीती ४२ टक्के मुलींना होती. त्याच सुमारास कंपनीनं आपल्या खेळण्यांतले ठोकळेबाज समज काढून टाकू असं जाहीर केलं. पोरीनं विटीदांडू खेळला तर कौतुकानं ‘वाघीण’ म्हणतात. पोरानं सागरगोटे खेळले तर काय म्हणतात ते लिहायची गरज नाही.

यावर खान्देशातच एक तयार वाट आहे: भरीत पार्टी. शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी भांड्यात ठेचायची, कळण्याची भाकरी आणि भोवती दहा-पंधरा माणसं. हा स्वयंपाक पुरुषही मोठ्या अभिमानानं करतात, आणि वांगं बामणोदचं की दुसरीकडचं यावर वादही घालतात. मुलग्यानं बापाला किंवा काकाला चुलीपाशी या रूपात पाहिलेलं असतं. स्वयंपाकाचा खेळ ‘आईचं स्वयंपाकघर’ असा न करता ‘शेतातली भरीत पार्टी’ असा केला की तीच कौशल्यं, मापं, क्रम, धीर, चव, मुलग्याच्या कप्प्यात अलगद शिरतात. कोणी म्हणेल, ही तडजोड झाली. झाली खरी. पण सहा वर्षांच्या मुलाशी वाद घालून भातुकली खेळवता येत नाही.

जुन्या खेळांनाही असंच उलगडून पाहता येतं. भुलाबाईतला शेवटचा भाग काय असतो? डबा झाकलेला, तो हलवून आवाज ऐकायचा आणि आतला खाऊ ओळखायचा. गोड की तिखट, ओला की कोरडा, गावरान की दुकानातला असे प्रश्न विचारत उत्तराकडे सरकायचं. तर्कशास्त्राचा इतका सुरेख खेळ शोधून सापडणार नाही. गाणी सासर-माहेरची राहू द्या, ती जपण्यासारखी आहेत. पण खाऊ ओळखायला वर्गातले सगळे बसले तर भुलाबाई रुसणार नाही. सागरगोट्यांत वर फेकलेल्या गोट्यावर नजर ठेवून खालचे उचलायचे, हा डोळा आणि हात यांचा मेळ क्रिकेटच्या झेलापेक्षा वेगळा नाही. उलट, मुलींना न मिळणाऱ्या खेळांतून काय निसटतं हेही बघावं. २००७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी काही प्रौढ विद्यार्थ्यांना दहा तास एक वेगवान व्हिडिओ गेम खेळायला लावला. आकृत्या मनात फिरवून पाहण्याच्या चाचणीत पुरुष आणि स्त्रिया यांच्यात आधी जो फरक होता तो त्यानंतर बराच कमी झाला. फरकातला बराचसा भाग सरावाचा असतो, आणि आपल्या घरांत फोन आधी भावाच्या हातात जातो.

मुलांपुढे ठेवून बघा

खेळ छापायला देण्याआधी कागदावर कच्चा काढून मुलांपुढे ठेवावा. नियम समजावण्याआधी दोन प्रश्न: ‘हा खेळ कोणाला आवडेल?’ आणि ‘यातल्या प्रत्येकाला नाव द्या.’ ज्या चित्राला तुम्ही मोकळं समजत होता त्याला दहापैकी नऊ मुलांनी मुलग्याचं नाव दिलं तर ते मोकळं नाही, मग तुम्ही काहीही ठरवलेलं असो. खेळ सुरू झाला की तोंडाकडे नको, हातांकडे बघा. फासा कोणाच्या हातात जास्त राहतो, फोन कोण धरतं, नियमावरून भांडण झालं की निकाल कोण देतं. मुलामुलींचा मिश्र गट, फक्त मुलींचा आणि फक्त मुलग्यांचा असे तिन्ही गट बसवून पाहिले तर एकच खेळ तीन तऱ्हांनी खेळला जाताना दिसतो. मिश्र गटात मुली गप्प होत असतील तर ‘सगळ्यांनी आळीपाळीनं बोलायचं’ अशी सूचना देण्यापेक्षा पत्ती अशी करावी की बोलल्याशिवाय डाव पुढे सरकणारच नाही.

मोबाइलचा खेळ असेल तर आणखी एक गोष्ट. सुरुवातीलाच ‘मुलगा की मुलगी?’ विचारणारा पडदा बहुतेक वेळा फुकटच असतो. पुढे त्या उत्तराचा काही उपयोग केलेला नसतो. २०२० साली आलेल्या ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या जपानी खेळात तो प्रश्नच काढून टाकलाय. केस, कपडे, चेहरा हवा तसा निवडा आणि कधीही बदला. दोन्ही चौकटींत न बसणाऱ्या मुलांना यानं मोकळा श्वास मिळतो, बाकीच्यांचं काही जात नाही. मराठीत मात्र हा पडदा काढायचा तर आधी वर सांगितलेली क्रियापदं दुरुस्त झालेली हवीत, नाहीतर प्रश्न न विचारता उत्तर गृहीत धरल्यासारखं होतं.

शाळेच्या पातळीवर आपण अगदीच मागे नाही. नव्वदच्या दशकात युनिसेफनं दक्षिण आशियासाठी घडवलेली कार्टूनमधली मीना आणि तिचा भाऊ राजू जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांच्या ओळखीचे आहेत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात भाजी निवडणारे वडीलही दिसले. बाजारात मात्र खेळण्यांचं दुकान अजून निळ्या आणि गुलाबी भिंतींत वाटलेलं आहे. कॅलिफोर्नियात २०२४ पासून मोठ्या दुकानांना सगळ्या मुलांसाठीचा एक वेगळा विभाग ठेवणं कायद्यानं भाग आहे. आपल्या आठवडी बाजारातल्या खेळणीवाल्याला असा कायदा लागत नाही. त्याच्या चादरीवर बाहुली, ट्रक, शिट्टी, भोवरा सगळं एकाच ढिगात असतं, आणि गिऱ्हाईक मूल बोट दाखवेपर्यंत तो कशालाही हात लावत नाही.